मनाचा मळ दाखवणारा रुमाल

मुलांनो, एक कल्पना करा. फर्निचरच्या दुकानावर एक लांबट सभागृह आहे. घडीच्या दोनशे खुर्च्या मांडल्यात आणि माणसं आलीत अडीचशे, म्हणजे पन्नास जण भिंतीला टेकून उभे आहेत. पंखे फिरताहेत, पण वारा फक्त पंख्याखाली बसलेल्यांच्या नशिबी. आता नीट बघा. प्रत्येकाच्या हातात एकेक पांढरा रुमाल आहे. रविवारची सकाळ आहे, उकाड्याने माणसं निथळताहेत, पण त्या रुमालाने कोणी घाम पुसत नाही.

समोर मंचावर पायघोळ पांढरा झगा घातलेले एक गृहस्थ उभे आहेत. झगा इतका कडक, की हात वर केला तरी कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. हातात फवारणीची बाटली, तिच्यात फिक्या चहाच्या रंगाचं पाणी. भक्त त्यांना निर्मळस्वामी म्हणतात. गल्लीतली पोरं म्हणतात रुमालबाबा. आपण पोरांच्या बाजूने राहू.

"डॉक्टर काय बघतो?" रुमालबाबा गरजले. "हाडं बघतो, रक्त बघतो, जीभ बाहेर काढून बघतो! मन बघायचं यंत्र आहे का त्याच्याकडे?"

"नाही!" सभागृह ओरडलं.

"आमच्याकडे आहे! वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, चार्जरसाठी घरात भांडणं नाहीत!" लोक खदखदून हसले. बाबांनी आवाज एकदम खाली आणला. "फक्त एक रुमाल. तुमचाच, घरी धुतलेला. मन स्वच्छ असेल तर रुमाल स्वच्छ राहील. आणि मनात मळ असेल..."

एक जाडजूड बसचालक पुढे आला आणि त्याने दोन्ही हातांनी रुमाल धरला. फस्स! डोळ्याचं पातं लवायच्या आत रुमालावर निळसर काळा डाग पसरला. "अगं बाई!" कोणीतरी किंचाळलं. बाबांनी दुसरी बाटली उचलली, बिनरंगाच्या पाण्याची. फस्स! डाग विरला. काळ्याचं पांढरं! टाळ्यांनी पंखेसुद्धा हलले असतील.

चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, एक चौतीस वर्षांचा माणूस रुमाल गुडघ्यावर ठेवून बसला होता. ही गोष्ट त्याची. त्याचं लाँड्रीचं दुकान होतं. भाचीचा तो मामा, म्हणून गिऱ्हाइकांचाही मामाच. डाग ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चहाचा, गंजाचा, शाईचा, आमटीचा, कुठलाही डाग तो नुसता वास घेऊन सांगायचा. पण स्वतःच्या मनात काय झालंय, ते मात्र त्याला कळत नव्हतं.

तुम्ही आता एवढे मोठे आहात, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. माणूस वयात आला की मनात शरीराचे, शरीरसुखाचे विचार येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भूक लागते तसंच ते. पण मामाचं गाडं तिथे थांबत नव्हतं. इस्त्री करता करता नको असताना विचार यायचे, ढकलले की दुप्पट जोराने परत यायचे. मग तो टांगलेल्या कपड्यांमागच्या खोलीत शिरायचा, कडी लावायचा आणि मोबाइलवर नको ती दृश्यं बघत बसायचा. "पाचच मिनिटं" म्हणून बसलेला दोन तासांनी उठायचा. बाहेर काउंटरवरची घंटा गिऱ्हाइकं वाजवून वाजवून निघून जायची. एकदा इस्त्री तशीच राहिली आणि एका वकिलाच्या कोटाची पाठ जळाली. मामाला त्यात आनंद होता असंही नाही. उठताना त्याला स्वतःची किळस यायची. "आता संपलं" म्हणून तो सगळं पुसून टाकायचा, शपथ घ्यायचा, साधा बटणांचा फोन आणायचा. चार दिवस बरे जायचे. पाचव्या दिवशी पुन्हा कडी.

चार वर्षं हे चाललं होतं आणि चार वर्षांत त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या घरात तो, त्याची थोरली बहीण आणि तिची मुलगी अशी तिघं राहत, त्या घरात तर नाहीच नाही.

मग विजेच्या खांबावर त्याने पत्रक वाचलं: मनात नको ते विचार? या, रुमाल घेऊन या.

सभागृहाशेजारी "कबुलीची खोली" होती. तिथे बाबांचा एक मदतनीस डोळे मिटून सगळं ऐकून घ्यायचा, मग रुमाल घ्यायचा, "बाबांच्या आसनाला लावून आणतो" म्हणून पडद्याआड जायचा आणि घडी घालून परत द्यायचा. मामाने आयुष्यात पहिल्यांदा तिथे तोंड उघडलं. सांगताना तो रडला. मंचावर रुमाल काळा पडला, तेव्हा त्याला मुळीच नवल वाटलं नाही. पुढच्या खेपेलाही काळा.

तिसऱ्या खेपेआधी मात्र मामाने चमत्कार केला, खराखुरा. दोन आठवडे मागच्या खोलीची कडी लावली नाही. विचार आले, त्याने दात आवळून कॉलर इस्त्री केल्या. मदतनिसाला त्याने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज फुलला होता.

"शाब्बास!" मदतनीस म्हणाला. "आज पांढरा निघणार तुझा."

आणि आज बाबांनी त्याला सर्वांसमोर बोलावलं. "बघा रे, हा आपला धुलाईवाला! जगाचा मळ धुतो, आज याचा स्वतःचा धुतला गेला. धर बाळा!"

फस्स.

रुमाल कोळशासारखा काळा पडला. आजवर दुसऱ्या कोणाचाच एवढा पडला नव्हता.

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. क्षणभरच. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पडद्याजवळच्या मदतनिसाने खांदे उडवले. मग बाबांना शब्द सापडले. "अरेरे! मुळापर्यंत पोचलाय मळ! वरून धुतलं, आतून उसळलं! याला आता एकच उपाय, निर्मळगृह. सहा महिने बंद खोली. फोन नाही, पत्र नाही, नात्यागोत्याचं तोंड बघायचं नाही. आणि डॉक्टरचं नाव काढायचं नाही. पुढच्या रविवारी सामान घेऊन ये."

मागून कोणी तरी म्हणालं, "बघा, दिसतो कसा गरीब."

मामा जिना उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दोन आठवडे स्वच्छ राहिलो तरी मी काळाच. मग स्वच्छ राहून उपयोग काय? दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मागच्या खोलीची कडी लावली. बाहेर आला तो भिंतीला धरून. निर्मळगृहाची खोली कशी असेल, याची कल्पना करायची त्याला गरज नव्हती. तशीच एक खोली तो चार वर्षं डोक्यात घेऊन फिरत होता. फरक एवढाच, की तिथे कडी बाहेरून लागणार होती.

आता भाचीकडे वळू. बारा वर्षांची. तिचं टोपणनाव होतं कशावरून, कारण काहीही सांगा, तिचा पहिला शब्द तोच. "आज पाऊस पडेल." "कशावरून?" "तू गुणी मुलगी आहेस." "कशावरून?" शाळा सुटली की ती लाँड्रीत यायची आणि गाठोड्यावर बसून गृहपाठ करायची.

मंगळवारी ती आली तेव्हा मामा कपाटातून बॅग काढत होता.

"कुठे चाललास?"

"सहा महिने बाहेरगावी. रविवारी."

"का?"

"तुला नाही कळायचं."

"कशावरून?"

नेहमी तो हसायचा. आज हसला नाही. बॅगेतून काहीतरी खाली पडलं. बाबांनी "जन्मभर जपून ठेव" म्हणून परत दिलेला तो काळा रुमाल. कशावरूनने उचलला, उजेडात धरला.

"मामा, आयोडीन कुठे सांडवलंस?"

"काय?"

"आयोडीन. मागच्या आठवड्यात शाळेत बटाट्यावर टाकलं होतं, अस्साच रंग आला. पावावर पण आला. बाई म्हणाल्या, ज्यात स्टार्च असतं ते काळंनिळं होतं."

"हा कापूस आहे गं. बटाटा नाही."

"हो, पण..." तिने रुमाल दोन बोटांत धरून वाजवला. ताठ. "यात खळ आहे ना? खळ कशाची करतोस तू?"

मामाच्या हातातली बॅग तशीच राहिली. खळ तो पिठाचीच करायचा, वीस वर्षं रोज सकाळी पहिलं काम तेच. टेबलक्लॉथ, कॉलर, टोप्या, सगळ्यांना खळ. आणि हाताला सवयच अशी, की स्वतःचा रुमालसुद्धा खळीतून काढल्याशिवाय त्याला धुतल्यासारखा वाटत नसे. अडीचशे माणसांत खळीचा रुमाल घेऊन जाणारा तो एकटाच असणार!

"कशावरून ते आयोडीनच होतं?" त्याने हळूच विचारलं. भाचीचा शब्द त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आला.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

बुधवारी ती विज्ञानाच्या बाईंना घेऊनच आली. बाई उंच, चष्मा कपाळावर आणि पिशवीत काय नाही ते. त्यांनी ड्रॉपरची छोटी बाटली काढली. मामाने झाकण उघडून वास घेतला. मग तो स्टुलावर बसला. तोच वास. सभागृहात तीनदा नाकात गेलेला, दवाखान्यासारखा, घशात टोचणारा. मनातल्या भीतीपायी त्या नाकाने तेव्हा काही ओळखलंच नव्हतं.

टेबलावर तीन कापडं मांडली. खळीचा रुमाल, थेंब पडताच काळाभोर. बिनखळीचा टॉवेल, नुसता पिवळट. तिसरा तसाच टॉवेल, पण कशावरूनने त्याच्यावर चिमूटभर पीठ चोळलं होतं. काळा.

"असं करतात तर," मामाकडून कबुलीच्या खोलीचं आणि पडद्याचं ऐकून बाई म्हणाल्या. "ज्याचा काळा करायचा, त्याला पडद्याआड पीठ लावायचं. ज्याचा पांढरा दाखवायचा, त्याला काही नाही. कोण काय ते कबुलीच्या खोलीत आधीच कळतं. आणि तुमच्या वेळी घोटाळा झाला, कारण खळ तुमची तुम्हीच घालून गेलात."

"आणि डाग जातो कसा?"

बाईंनी क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवली आणि काळ्या डागावर ओतली. डाग गेला. कशावरूनने टाळी वाजवली. मामाने मात्र पाण्याचं भांडं दूर सारलं आणि तोंड हातांत लपवलं. बाई शहाण्या होत्या. "चल गं, मला चिंचोळ्या गल्लीतून रस्ता दाखव," म्हणून मुलीला घेऊन बाहेर पडल्या.

मुलांनो, इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. बाबा खोटा ठरला, पण मामाचा त्रास खोटा नव्हता. युक्ती उघडी पडली म्हणून विचार थांबले नाहीत. मामालाही ते कळत होतं, आणि म्हणून त्याला जास्तच एकटं वाटलं. बाबा तरी होता, आता तोही नाही.

ताई, म्हणजे मामाची थोरली बहीण, बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काम करायची. संध्याकाळी ती परतताना दुकानात डोकावली. मामा एकच शर्ट तिसऱ्यांदा इस्त्री करत होता. मान वर न करता त्याने सगळं सांगितलं. शर्टालाच सांगितलं म्हणा ना. मागची खोली, कडी, मोबाइल, चार वर्षं. मग तो थांबला आणि शिव्यांची वाट बघू लागला.

ताईने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं. "जळेल तो," म्हणाली. मग शर्ट उचलून त्याची घडी घालू लागली.

"बोल ना काहीतरी," मामा म्हणाला.

"बोलते. मला वाईट वाटलं ते तू चार वर्षं गप्प राहिलास त्याचं. बाकीचं मला समजत नाही, मी काही डॉक्टर नाही." मग तिने खुर्ची ओढली. "माझ्या खिडकीवर रोज येतात रे अशी माणसं. चुकीच्या गाडीत बसतात, दुसऱ्या थांब्याला कळतं की चुकलंय, पण कंडक्टरला सांगायची लाज वाटते. म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत जातात. तिथून मग मला फोन करतात, रडकुंडीला येऊन. मी काय सांगते माहितीय? खाली उतरा आणि खाकी कपडेवाल्या माणसाला विचारा. उद्या रजा टाकते. जाऊ आपण."

"कुठे?"

"ज्याला विचारायचं त्याच्याकडे."

सरकारी दवाखान्यात खोली नंबर चौदा. ताई बाहेर बाकावर बसली, मामा आत. मानसोपचाराचे डॉक्टर त्याच्याच वयाचे होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. मामाला उगीचच धीर आला.

त्याने सांगितलं. डॉक्टरांनी भुवई उंचावली नाही की कपाळाला आठी घातली नाही. त्यांनी विचारलं ते साधे प्रश्न. कधी होतं? आधी काय झालेलं असतं? नंतर कसं वाटतं? झोप येते का? जगणं नकोसं वाटतं का कधी? शेवटच्या प्रश्नाला मामाने खिशावरच्या त्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाला, "रविवारी वाटलं."

"बरं झालं सांगितलंत. पुन्हा तसं वाटलं तर थांबायचं नाही, तडक इथे यायचं. रात्री-अपरात्री असेल तर खालच्या तातडीच्या विभागात. ताईंना हे माहीत असू दे." त्यांनी कागदावर एक गोल काढला. "हे बघा. ताण येतो. ताण घालवायला तुम्ही त्या खोलीत जाता. थोडा वेळ बरं वाटतं. मग लाज वाटते. आणि लाज म्हणजे काय?"

"ताण," मामा म्हणाला.

"आला ना फिरून तिथेच? बाबांनी त्यात लाजेचं पाणी ओतलं, म्हणून गोल आणखी जोरात फिरला. याला नेमकं काय नाव द्यायचं यावर आम्ही डॉक्टर अजून वाद घालतो. पण मदत होते, यावर वाद नाही. दर आठवड्याला बोलायचं. विचार आला की त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, आला तसा जाऊ द्यायचा, ते शिकवू. गरज पडली तर औषध."

"आणि पुन्हा चुकलो तर?"

"तर पुढच्या भेटीत येऊन सांगायचं. चुकलात म्हणजे काळे झालात असं नाही. ते दोन आठवडे कोणी राखले होते? रुमालाने?"

मामा बाहेर आला तेव्हा बरा झाला नव्हता. चार वर्षांचं जाळं अर्ध्या तासात सुटत नाही. त्याच दिवशी दुपारी विचार आले, तसेच, तितक्याच जोराने. पण मागच्या खोलीच्या दाराची कडी त्याने ताईसमोर स्क्रूड्रायव्हरने काढली होती, आणि पुढच्या बुधवारी अकरा वाजता कोणीतरी त्याची वाट बघणार होतं.

रविवारी मामा सभागृहात गेला. बॅग न घेता. बरोबर ताई, बाई आणि कशावरून.

"आला!" बाबा आनंदाने ओरडले. "निर्मळगृहाचा पाहुणा आला!"

"आलो. जायच्या आधी एक शंका होती, बाबा." मामा मंचासमोर जाऊन उभा राहिला. "तुमच्या पाण्याने मनाचा मळ दिसतो ना?"

"शंभर टक्के!"

कशावरून मंचावर चढली. तिच्या हातात पावाची लादी आणि कापलेला बटाटा. "मग यांच्यावर मारा ना."

लोक हसले. बाबा म्हणाले, "ही थट्टेची जागा नव्हे, मुली." पण पुढच्या रांगेतले एक पेन्शनर आजोबा उठले. "मारा की हो! पावाचं मन बघू तरी!" आणि त्यांनीच बाटली उचलून फवारली. फस्स! फस्स!

पाव काळा. बटाटा त्याहून काळा.

"अरे देवा," आजोबा म्हणाले, "या बटाट्याने काय पाप केलं असेल?"

सभागृह असं हसलं, की खालच्या दुकानातले सुतार जिन्यात आले. बाईंनी मग शांतपणे सगळं सांगितलं, आयोडीन, पीठ, क जीवनसत्त्व, कबुलीची खोली. मामाने रुमाल वाजवून दाखवला. "यात खळ होती. मी लाँड्रीवाला आहे, मला कळायला हवं होतं." मग त्याने बाबांच्या झग्याकडे पाहिलं, धंदेवाईक नजरेने. "हीसुद्धा कडक खळ आहे, बाबा. मारायचं का एकदा बाहीवर?"

बाबांनी दोन्ही बाह्या पाठीमागे नेल्या. अडीचशे माणसांनी ते पाहिलं.

मागून एक बाई ओरडली, "मग तू इथे कशाला येत होतास रे? काय होतं मनात?"

मामाचा चेहरा लाल झाला. ताई पुढे सरसावली, पण त्याने तिला हाताने थांबवलं. "ते इथे सांगणार नाही. ते सांगायची जागा मला सापडलीय. सरकारी दवाखाना, खोली नंबर चौदा. तिथे पडदा आहे, पण पडद्याआड पीठ नाही."

सगळ्यांनाच पटलं असं नाही. एक जण म्हणाला, "पण माझी डोकेदुखी थांबली होती." दोघंतिघं बाबांच्या मागोमाग मागच्या जिन्याने गेलीही. बसचालक मात्र रुमाल हातात घेऊन तसाच बसून राहिला. त्याच्यासारखे आणखी काही. चमत्कार गेला होता आणि त्रास खुर्चीतच होता.

मुलांनो, म्हणून सांगतो. कोणी पाणी शिंपडून तुमच्या मनातलं दाखवतो म्हणाला, तर आधी विचारा, कशावरून? तेच पाणी बटाट्यावर शिंपडून बघा. आणि मनाला खरोखर काही होत असेल, न थांबणारे विचार असोत की न सुटणारी सवय, तर ते लपवून कुजवू नका. ज्याच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा, ज्याने त्याचा अभ्यास केलाय त्याच्याकडे जा. घाबरवणारा, कोंडणारा, डॉक्टरचं नाव काढू नको म्हणणारा माणूस तुमचं भलं करत नसतो, मग त्याचा झगा कितीही पांढरा असो.

लोक पांगू लागले. कशावरून खुर्चीत बसलेल्या त्या माणसांकडे बघत होती. त्यांना नेमकं काय होतंय ते तिला माहीत नव्हतं. पण आत्ता कोणीही उठून विचारणार नाही, एवढं तिला कळलं. तिने दप्तरातून वही काढली, पानं फाडली आणि प्रत्येक पानाच्या चार चार चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर लिहिलं: सरकारी दवाखाना, खोली १४. मग तिने एक खुर्ची ओढत जिन्याच्या वळणावर नेली, जिथून वरचंही दिसत नाही आणि खालचंही, आणि चिठ्ठ्या तिच्यावर ठेवल्या.

वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर आपली कंपासपेटी ठेवली, आणि कोण चिठ्ठी घेतंय हे आपल्यालाही दिसू नये म्हणून ती खाली उतरून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.